‘दोन किट मिसळू नका’ : एका सल्ल्याची उलटतपासणी

या ब्लॉगवर आपण बहुतेक वेळा एखादा शोधनिबंध घेतो आणि तो उलटसुलट करून वाचतो. आज निबंध नाही, एक सल्ला घेतला आहे. संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाने तो कधी ना कधी ऐकलेला असतो.

समजा, तुमच्या डेस्कटॉपमध्ये ८ जीबीच्या दोन स्टिक आहेत, म्हणजे एकूण १६ जीबी रॅम. डेटा वाढला आणि आर किंवा पायथन मध्येच मान टाकायला लागलं, म्हणून आणखी १६ जीबीचं किट घ्यायचं ठरलं. आता तुम्हाला दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, “वेगवेगळी किट कधीच मिसळायची नाहीत. जुनं काढून टाक आणि ३२ जीबीचं एकच नवं किट घे.” दुसरी म्हणतात, “अरे टाक बिनधास्त, काही होत नाही, चालतं.” दोघंही सारखीच ठाम असतात आणि दोघांकडेही स्वतःच्या अनुभवाचे दाखले असतात.

हा प्रश्न गेमिंगवाल्यांचा आहे, आपला काय संबंध, असं म्हणू नका. तुमच्या प्रबंधातले आकडे ज्या मशीनवर निघणार आहेत ते मशीन हे तुमचं उपकरण आहे. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये वजनकाटा तपासल्याशिवाय कोणी वजन लिहून घेत नाही. रॅम मात्र आपण टाकतो, मशीन सुरू होतं आणि आपण कामाला लागतो. त्यात एखादा बिट उलटला तर आकडा चुकेल, आणि चुकला हे कुणी सांगणारही नाही. दुसरीकडे, घाबरून चांगलं चालणारं किट विकून टाकलं तर फेलोशिपचे पैसे वाया जातात. चूक दोन्ही बाजूंनी महाग आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. पहिला सल्ला खरेदीपुरता बरा आहे, पण त्यामागे दिलं जाणारं कारण कच्चं आहे. दुसरा सल्ला म्हणजे न घेतलेल्या चाचणीचा निकाल आहे. हे कसं, ते एकेक करून पाहू.

किट म्हणजे नेमकं काय?

किट म्हणजे एकत्र विकलेल्या, एकत्र तपासलेल्या दोन किंवा चार स्टिक. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. स्टिकची क्षमता किती, ती कुठल्या वेगाला चालते, कशाला किती वेळ लागतो, हे सगळं त्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. मशीन सुरू होताना बायोस ही माहिती प्रत्येक स्टिककडून वाचतो आणि सगळ्यांना झेपेल असा वेग धरतो. वर्गात सगळ्यात हळू लिहिणाऱ्या मुलाच्या वेगाने शिक्षकांनी उतरवून द्यावं, तसंच हे. म्हणजे ३२०० आणि २६६६ अशा दोन डीडीआर४ स्टिक एकत्र लावल्या, तर साधारणपणे दोन्ही २६६६ ला चालतात. यात धोका काही नाही, फक्त वेग कमी होतो.

गुंतागुंत सुरू होते ती एक्सएमपीपासून. डब्यावर ‘डीडीआर४-३२००’ किंवा ‘३६००’ असं ठळक छापलेलं असतं, पण बऱ्याच किटचा मूळ वेग २१३३ किंवा २४०० असतो. वरचा वेग हे निर्मात्याने दिलेलं एक जादा प्रोफाइल असतं. इंटेलच्या पद्धतीत त्याला एक्सएमपी म्हणतात, आणि एएमडीने डीडीआर५ साठी आणलेल्या पद्धतीला एक्सपो. ते आपण बायोसमध्ये जाऊन चालू करतो. डीडीआर४ चा प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे, तर एक्सएमपी प्रोफाइल बहुधा १.३५ मागतं. म्हणजे एक्सएमपी हे एका अर्थाने ठरवून केलेलं ओव्हरक्लॉकिंगच आहे. आणि मुख्य गोष्ट अशी की दोन स्टिकच्या किटचं प्रोफाइल दोन स्टिक लावूनच तपासलेलं असतं. शेजारी आणखी दोन स्टिक येणार आहेत, हे त्या प्रोफाइलला माहीत नसतं.

जाता जाता एक हिशेब. लोक सीएल आकडा पाहून घाबरतात की एकाचा सीएल १६ आणि दुसऱ्याचा १८, मग जमणार कसं? सीएल म्हणजे घड्याळाचे ठोके, वेळ नव्हे. वेळ काढायची तर सीएल गुणिले २००० भागिले वेग, उत्तर नॅनोसेकंदांत. ३२०० ला सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० ला सीएल १८ म्हणजेही १० नॅनोसेकंदच. आणि ३२०० ला सीएल २२ म्हणजे १३.७५. आकडा वेगळा दिसला म्हणून मोजलेली गोष्ट वेगळी असतेच असं नाही. एकक बघायची सवय इथूनच लावून घ्या.

पहिली हरकत: एका वेळी दोन गोष्टी बदलल्या

आता सल्ल्याकडे वळू. “मी दुसरं किट टाकलं आणि मशीन बंद पडायला लागलं, म्हणून किट मिसळू नये.” हे विधान संशोधन पद्धतीच्या भाषेत मांडून बघा. स्वाश्रयी चल आहे ‘किट एकाच प्रकारचं की मिश्र’. आश्रयी चल आहे ‘मशीन स्थिर की अस्थिर’. आता प्रश्न असा की दुसरं किट टाकताना फक्त प्रकारच बदलला का?

नाही. स्टिकची संख्याही दोनावरून चार झाली. आणि संख्येचा परिणाम स्वतंत्रपणे होतो, हे प्रोसेसर बनवणारेच लिहून देतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी अधिकृत वेग पाहा. दोन स्टिक असतील तर डीडीआर५-५२००, चार स्टिक असतील तर ३६००. हा फरक ‘मिश्र’ स्टिकसाठी सांगितलेला नाही. चारही एकाच किटमधल्या असल्या तरी तोच आकडा लागू आहे. २०१७ साली आलेल्या पहिल्या रायझनचंही असंच होतं. सिंगल रँकच्या दोन स्टिकना २६६७, आणि ड्युअल रँकच्या चार स्टिकना १८६६. एका वेळी ६४ बिट पुरवणारा चिपांचा गट म्हणजे एक रँक. एकाच तारेवर असे जितके गट लटकवाल तितका सिग्नल ओढणं मेमरी कंट्रोलरला जड जातं.

बोर्डाची रचनाही यात येते. आजच्या बहुतेक बोर्डांवर प्रत्येक चॅनेलच्या दोन खाचा एकामागोमाग जोडलेल्या असतात, आणि ती जोडणी दोन स्टिकसाठी सोयीची असते. म्हणून तर मॅन्युअलमध्ये दोन स्टिक असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा, असं सांगितलेलं असतं. चारही खाचा भरल्या की सिग्नलला आडफाटे फुटतात आणि वरचे वेग टिकवणं कठीण होतं.

आता चार चौकोनांचा एक तक्ता डोळ्यांसमोर आणा. आडव्या बाजूला ‘एकच किट’ आणि ‘दोन किट’. उभ्या बाजूला ‘दोन स्टिक’ आणि ‘चार स्टिक’. लोक ज्या दोन स्थितींची तुलना करतात त्या म्हणजे ‘एकच किट, दोन स्टिक’ आणि ‘दोन किट, चार स्टिक’. हे दोन चौकोन तिरके आहेत. तिरकी तुलना केली की फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. प्रकारामुळे पडला, की संख्येमुळे, की दोन्हींमुळे? यालाच कॉन्फाउंडिंग म्हणतात, म्हणजे कारणांची सरमिसळ. किटची सरमिसळ करू नका म्हणणारेच कारणांची सरमिसळ करून बसतात!

आणि तिसरं एक कारण तर कोणी मोजतच नाही. नवं किट मुळातच सदोष असेल तर? ते एकटं लावून पाहिलंच नसेल तर दोष मिसळण्यावर जातो आणि सदोष किट वॉरंटीत बदलून घ्यायचं राहून जातं.

दुसरी हरकत: ‘सारखं’ म्हणजे काय?

सल्ल्यातला दुसरा शब्द तपासू. ‘सारखं’ किट. बहुतेक जण याचा अर्थ घेतात तोच ब्रँड, तोच मॉडेल क्रमांक. पण स्टिकवरच्या मेमरी चिप ब्रँडवाले बहुधा स्वतः बनवत नाहीत. जगातल्या बहुतांश डीरॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येतात. एकाच मॉडेल क्रमांकाखाली आज एकाच्या चिप आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या, असं होऊ शकतं. कॉर्सेअरसारखी कंपनी लेबलवर वेगळा व्हर्जन क्रमांक छापते तो उगाच नाही.

म्हणजे ‘तोच मॉडेल’ घेऊनही तुम्ही आतून मिश्र जोडी लावलेली असू शकते. उलट, दोन वेगळ्या ब्रँडच्या स्टिकवर एकाच जातीच्या चिप असू शकतात. संशोधनात याला आपण कार्यात्मक व्याख्येचा प्रश्न म्हणतो. जे मोजायचं आहे, म्हणजे विद्युत गुणधर्मांचं साम्य, त्याच्या जागी आपण लेबल मोजतोय. सामाजिक शास्त्रवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. ‘आर्थिक स्थिती’ मोजायची म्हणून ‘घरात टीव्ही आहे का’ विचारायचं, त्यातलाच हा प्रकार.

तिसरी हरकत: सांगणारा कोण, आणि गप्प कोण?

किट मिसळू नका, असं किट विकणाऱ्या कंपन्या आवर्जून सांगतात. त्यात त्यांचा फायदा आहे, हे उघड आहे. पण एवढ्यावरून त्यांचं म्हणणं खोटं ठरवू नका. हितसंबंध दिसला की पुरावा फेकून द्यायचा, ही नवशिक्या समीक्षकाची घाई असते. कंपनीचं म्हणणं नीट वाचलं तर ते मर्यादित आहे. आम्ही हा संच एकत्र तपासला, त्याचीच हमी देतो, दुसऱ्या संचासोबत हमी नाही. हे विधान रास्त आहे. ‘हमी नाही’चं ‘चालणार नाही’ हे भाषांतर मधल्या लोकांनी केलेलं आहे.

आणि गप्प कोण आहे तेही बघा. ज्यांचं मशीन बंद पडलं ते तक्रार करतात, विचारतात, लिहितात. ज्यांचं चाललं ते आपल्या कामाला लागतात. त्यामुळे ऐकू येणाऱ्या किश्श्यांवरून प्रमाण काढता येत नाही. दुकानदाराचा अनुभव बरोबर उलट्या दिशेने झुकलेला असतो. त्याच्याकडे परत येतात ती फक्त न सुरू होणारी मशीन. महिन्यातून एकदा चुकीचा आकडा देणारं मशीन त्याच्याकडे कधीच परत येत नाही.

‘चालतं’ म्हणजे काय मोजलं?

इथून दुसऱ्या सल्ल्याची पाळी. ‘चालतं’ म्हणणाऱ्याने काय मोजलेलं असतं? विंडोज सुरू झालं, ३२ जीबी दिसली, यूट्यूब चाललं. बस्स. पण रॅममधली चूक ही दिवा पेटणं-विझणं अशी नसते.

एक साधं उदाहरण. तुमच्या सर्वेक्षणात एका उत्तरदात्याचं वय ३४ आहे आणि ते पूर्णांक म्हणून साठवलेलं आहे. दुमान पद्धतीत ३४ म्हणजे ३२ अधिक २. यातला ८ किमतीचा बिट शून्याचा एक झाला तर वय ४२ होतं. मशीन बंद पडत नाही, निळी स्क्रीन येत नाही. डेटा साफ करतानाही ४२ वर्षांच्या माणसावर कोणाची नजर अडत नाही. हाच उलटणारा बिट वरच्या घरातला असता तर वय दहा लाखांच्या पुढे गेलं असतं आणि तुम्ही ते लगेच पकडलं असतं. म्हणजे दिसणाऱ्या चुका या बहुधा भल्या चुका असतात. नडतात त्या न दिसणाऱ्या.

सर्व्हरमध्ये यासाठी ईसीसी रॅम वापरतात. ती जादा बिट ठेवून एका बिटची चूक दुरुस्त करते आणि तिची नोंदही ठेवते. आपल्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती नसते. “पण डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच की!” असं कोणी म्हणालं तर नीट विचारा, कुठलं? डीडीआर५ चिपच्या पोटात एक ईसीसी असतं, पण ते चिपच्या आत साठवलेल्या बिटांपुरतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक त्याला दिसत नाही. आणि वेग, वेळ, सिग्नल यांचं न जमणं ही भानगड बरीचशी त्या वाटेवरचीच आहे. त्यामुळे मिसळण्याच्या प्रश्नावर या ईसीसीचा आधार घेता येत नाही.

मग शोधनिबंध काय म्हणतात?

दोन निबंधांची नावं या चर्चेत हमखास येतात. दोन्ही उत्तम आहेत, आणि दोन्ही चुकीच्या कामाला जुंपले जातात.

पहिला २००९ चा. टोरोंटो विद्यापीठाच्या बिआंका श्रोडर आणि गुगलमधले त्यांचे सहलेखक यांनी गुगलच्या सर्व्हरमधल्या रॅमच्या चुका सुमारे अडीच वर्षं नोंदल्या. दरवर्षी साधारण एकतृतीयांश मशीनमध्ये आणि ८% हून जास्त स्टिकमध्ये किमान एक दुरुस्त होणारी चूक दिसली. चुका मुख्यतः क्षणिक नसून त्याच त्या जागी पुन्हापुन्हा होणाऱ्या, म्हणजे हार्डवेअरच्या पक्क्या दोषाच्या असाव्यात, असं त्यांना आढळलं. तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. हा निबंध दाखवून लोक म्हणतात, “बघा, ८% स्टिक खराब असतात, त्यात मिसळायला जाऊ नका.” पण त्या अभ्यासात मिसळणं हा चलच नाही! शिवाय ती मशीन सर्व्हर होती. एक्सएमपी चालू केलेला घरचा डेस्कटॉप ही वेगळी जमात आहे.

दुसरा २०११ चा, मायक्रोसॉफ्टच्या नाइटिंगेल, डूसर आणि ओर्गोव्हान यांचा. यात सुमारे दहा लाख घरगुती पीसी आहेत. वापरकर्त्यांच्या मशीनवरून आलेल्या बिघाडांच्या नोंदींवर तो बेतलेला आहे. आपल्या स्थितीच्या जवळचा म्हणाल तर हाच. त्यातला सगळ्यात मोलाचा निष्कर्ष असा की हार्डवेअरमुळे एकदा कोसळलेलं मशीन पुन्हा कोसळण्याची शक्यता फार वाढते. त्यांचं प्रोसेसरचं उदाहरण घ्या. आठ महिन्यांत किमान ३० दिवस प्रोसेसर-वेळ वापरलेल्या मशीनपैकी १९० मध्ये एक कोसळलं, पण एकदा कोसळलेल्यांपैकी ३.३ मध्ये एक पुन्हा कोसळलं.

आता याच्या मर्यादा बघा. रॅमच्या बाबतीत त्यांना फक्त विंडोजच्या गाभ्याचा कोड जिथे असतो त्या छोट्या भागातल्या एका बिटच्या चुकाच ओळखता आल्या. कारण तिथे मूळ मजकूर काय असायला हवा हे माहीत असतं. तुमचा डेटा जिथे बसतो तिथल्या चुका या मोजणीत नाहीत. आणि जे कोसळलंच नाही ते नोंदलंच गेलं नाही. लेखकांनी ओव्हरक्लॉकिंग, ब्रँडेड विरुद्ध जोडलेली मशीन, लॅपटॉप विरुद्ध डेस्कटॉप अशा तुलना केल्या आहेत. मिश्र किटची तुलना त्यात नाही. कमी वेगाने चालवलेली मशीन जास्त विश्वासार्ह निघाली, हा निष्कर्ष ‘रॅमचा वेग कमी करा म्हणजे झालं’ यासाठी वापरतात. पण तिथला वेग प्रोसेसरचा आहे. वर, मशीन मुद्दाम हळू चालवणारा माणूस इतर बाबतीतही काळजी घेणारा असू शकतो. निरीक्षणात्मक अभ्यासात ही शंका राहतेच.

मग या निबंधांतून आपल्याला काय नेता येतं? एवढंच, पण ते थोडं नाही. रॅमची चूक दुर्मीळ दंतकथा नाही, आणि एकदा झालेली चूक ‘योगायोग’ म्हणून सोडू नये. ‘मिसळावं की नाही’ याचं उत्तर यात नाही. संदर्भ जवळचा आहे म्हणून तो पुरावा होत नाही. तुमच्या साहित्य समीक्षेच्या प्रकरणात असे किती संदर्भ बसलेत, एकदा मोजून पाहा.

उत्तर तुमच्याच टेबलावर

सुदैवाने इथे स्वतः प्रयोग करता येतो. मघाच्या चार चौकोनांपैकी तीन चौकोन तुमच्याकडच्या दोन किटमधूनच भरता येतात, वेगळा खर्च नाही. आधी डेटाचा बॅकअप घ्या, मग हा क्रम:

१. फक्त जुन्या किटच्या दोन स्टिक.
२. फक्त नव्या किटच्या दोन स्टिक.
३. एक जुनी आणि एक नवी.
४. चारही.

प्रत्येक स्थिती आधी एक्सएमपी बंद ठेवून, मूळ वेगावर तपासा. नंतर एक्सएमपी चालू करून. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तपासायला मेमटेस्ट८६+ हे मोफत साधन आहे. ते पेनड्राइव्हवरून, विंडोजशिवाय चालतं. प्रत्येक स्थितीला एक रात्र द्या. डीडीआर५ असेल तर स्टिक बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड तेव्हा मेमरीची जुळवणी करत असतो, घाबरून बटण दाबू नका.

निकाल असा वाचा. दुसऱ्या स्थितीतच चूक आली तर नवं किट सदोष आहे. मिसळण्याचा संबंध नाही, परत करा. तिसरी स्थिती पास आणि चौथी नापास, तर संशय प्रकारापेक्षा संख्येवर जास्त. वेग उतरवून पुन्हा तपासा. तिसरी मूळ वेगावर पास पण एक्सएमपीवर नापास, तर दोन किटचं त्या प्रोफाइलवर जमत नाही. मूळ वेगावर राहा. आणि स्टिक काढून पुन्हा बसवल्यावर चूक आपोआप गेली, तर तो खाचेतल्या संपर्काचा दोष असू शकतो. म्हणून नापास झालेली स्थिती एकदा तरी पुन्हा करून बघा.

इथे एक असमतोल लक्षात ठेवा. एक चूक सापडली की निकाल लागला. शून्य चुका सापडल्या तर निकाल लागत नाही, फक्त मर्यादा कळते. प्रत्येक फेरी स्वतंत्र धरली आणि ३० फेऱ्यांत एकही चूक आली नाही, तर ९५% विश्वासपातळीवर दर फेरीला चूक होण्याची शक्यता साधारण १०% पर्यंत असू शकते. हिशेब सोपा आहे, ३ भागिले फेऱ्यांची संख्या. ‘चूक सापडली नाही’ आणि ‘चूक नाही’ यांतलं अंतर या भागाकारात दिसतं.

म्हणून शेवटची तपासणी तुमच्या खऱ्या कामावर करा. तेच विश्लेषण, तोच डेटा, तोच सीड. दोनदा चालवा आणि निकालाच्या फाइलींचे चेकसम जुळवून पाहा. सावधान, अनेक कोरवर समांतर बेरीज होत असेल तर बेरजेचा क्रम बदलल्यानेही शेवटचे दशांश हलतात. तो रॅमचा दोष नव्हे. तुलनेपुरतं एकाच थ्रेडवर चालवा.

हा उपाय माझा नाही. गिम्प्स हा मर्सेन मूळ संख्या शोधणारा प्रकल्प १९९६ पासून जगभरातल्या स्वयंसेवकांच्या साध्या पीसीवर चालतो. कोणाच्या मशीनमध्ये कुठली रॅम आहे यावर त्यांचं नियंत्रण नाही. मग त्यांनी काय केलं? जुन्या पद्धतीत प्रत्येक संख्येची गणना दोनदा, स्वतंत्रपणे करायची आणि शेवटचा शेष जुळला तरच निकाल धरायचा. मशीन शुद्ध असल्याची खात्री मिळत नव्हती, म्हणून त्यांनी निकालाची खात्री करून घेतली.

तर मग घ्यायचं काय?

अजून खरेदी झाली नसेल, तर १६ जीबीच्या दोन स्टिकचं एकच किट घ्या. म्हणजे पहिल्या सल्ल्याशी मी सहमत झाले की! मग कारणावरून एवढा वाद कशाला?

कारण चुकलं की पुढचा निर्णय चुकतो. ‘मिसळणं वाईट’ एवढंच डोक्यात असलेला माणूस ८ जीबीच्या चार स्टिकचं महाग किट घेईल आणि स्वतःला सुरक्षित समजेल. ते किट चार स्टिक लावून तपासलेलं असेल हे खरं, पण कंट्रोलरवरचा चार स्टिकचा भार तसाच राहील. आणि ज्याच्याकडे एकच ८ जीबीची स्टिक आहे तो शेजारी दुसरी ८ जीबी टाकायला उगाच घाबरेल. खरं तर दोनच स्टिक, त्याही मूळ वेगावर, ही मिसळण्यातली सगळ्यात सौम्य स्थिती आहे. वर दुसरं चॅनेल वापरात आल्याने त्याचा फायदाच होईल. ३२०० ला एका चॅनेलची कमाल क्षमता सेकंदाला २५.६ जीबी आहे, दोन चॅनेलची ५१.२. अगदी ८ आणि ४ जीबी अशी विषम जोडी लावली तरी इंटेलच्या फ्लेक्स पद्धतीत ४ अधिक ४ दोन चॅनेलमध्ये चालतात आणि उरलेली ४ एका चॅनेलमध्ये.

आणि खरेदी आधीच झाली असेल, तर वरच्या चार स्थिती तपासा, चारही स्टिक मूळ वेगावर चालवा आणि प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात एक वाक्य लिहा: ‘सर्व गणना ३२ जीबी मेमरी (८ जीबीच्या ४ स्टिक, दोन वेगळी किट, वेग २४००, ईसीसी नाही) असलेल्या डेस्कटॉपवर केली. मुख्य निकाल दुसऱ्या मशीनवर पुन्हा काढून पडताळले.’ यातलं दुसरं वाक्य लिहिण्यासाठी लॅबमधल्या मित्राचं मशीन एका रात्रीपुरतं मागून घ्यावं लागेल. त्याला आजच विचारून ठेवा.